कागदाला कान नसतात

शनवारा, बुऱ्हाणपूर
६ जानेवारी २०२५

प्रिय रश्मीताई,

पाकिटांच्या गोंदाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती दाखल करून घेणारं या देशात कोणी नसल्यामुळे तुझ्याकडे पाठवतो. काल चौकातून पाकिटं आणली. दुकानदार म्हणाला, "मास्तर, अब लिफाफा कौन लेता है?" आणि फडक्याने धूळ झटकली. घरी येऊन पाकिटाच्या कडेवरून जीभ फिरवली, तर जीभ चिकटली, पाकीट नाही. पन्नाशी उलटलेल्या, मराठी शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या इसमाने पाकीट चाटत बसावं आणि पाकिटाने ओळखही दाखवू नये, हा अपमान आहे. शेवटी भाताच्या शितांनी चिकटवायचं ठरलं. पोचलं तर शितांची कृपा.

तू म्हणशील, लल्या, तुला पत्राची अवदसा कुठून आठवली? तर घरातले तिन्ही मोबाईल एकाच बादलीत पडले. असा योग म्हणे शंभर वर्षांतून एकदा येतो. नवे घेऊ सावकाश. तोवर फोन करू नकोस, लागणार नाही. शाळेतही करू नकोस. आमचे हेडमास्तर निरोप देण्याआधी त्याच्यावर भाष्य करतात.

बाकी ठीक. शेजारच्या दगाभाऊंचे पॉवरलूम दिवसभर खटखट करतात, ते तुला माहीतच आहे. हल्ली पल्लवीला त्यांचा फार त्रास होतो. शिक्षकभरतीचा अभ्यास चालू आहे, त्यामुळे झोप कमी. या वयात असतंच. संक्रांतीनंतर रावेरचे लोक तिला बघायला येणार आहेत. तोवर पोरीच्या चेहऱ्यावर तेज यावं म्हणून वंदना बदाम भिजवते. पल्लवी ते खात नाही, मी खातो. तेज माझ्या चेहऱ्यावर येतं आहे, पण रावेरकरांना त्याचा उपयोग नाही.

रमेशरावांना नमस्कार. तू त्यांना एक रात्रही सोडून राहत नाहीस, हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे, म्हणून संक्रांतीला ये म्हणत नाही.

तुझा,
ललित

(पाकीट पल्लवी चिकटवते आहे.)

आत्या, बाबा खोटं लिहितात. मोबाईल पडले नाहीत, मी बुडवले. त्यातून ते लोक ऐकतात. आई-बाबा म्हणतात आम्हाला कुणाचा आवाज येत नाही. खरंच येत नाही, की तेही त्यांच्यातलेच आहेत, मला समजत नाहीये. तू लिहून सांग. कागदाला कान नसतात. – प.

*

नांदेड
११ जानेवारी

लल्या,

शितं टिकली. पत्र पोचलं. पल्लवीने खाली चार ओळी लिहिल्यात, त्या तू वाचलेल्या नाहीस हे उघड आहे. तिने विश्वासाने लिहिलं, म्हणून इथे उतरवत नाही. एवढंच सांगते, बादलीची खरी गोष्ट मला कळली.

मी तुझी मामेबहीण. तू पाटी फोडायचास तेव्हाही असाच आधी विनोद करायचास आणि मग मागे लपायचास. तेव्हा आता सरळ सांग. कधीपासून झोपत नाही? जेवते का? तिला ऐकू येतं ते काय म्हणतं? आणि तिला हे स्पष्ट विचार, मरावंसं वाटतं का? विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. असलं तर विचारल्याने बाहेर येतं.

रावेरच्या लोकांना काहीही सांग. पोरीला पाव्हण्यांपुढे बसवू नकोस.

सोबतची घडी घातलेली चिठ्ठी पल्लवीची आहे, तिलाच दे. तुझी उत्सुकता मला माहीत आहे म्हणून आत काय ते लिहिते: 'मला ते ऐकू येत नाही. पण तुला येतं यावर माझा विश्वास आहे. भीती वाटत असेल ना गं?' बस.

रश्मी

*

शनवारा
१७ जानेवारी

ताई,

तू वकील व्हायला हवी होतीस. नांदेडच्या कोर्टाचं नुकसान झालं.

सांगतो. दिवाळीपासून झोप नाही. दार लावून हळू बोलते. आम्ही समजलो पाठांतर. मग एका दुपारी माझा हात धरून खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "बाबा, सुनो. लूम माझं नाव घेतोय." धोट्याच्या प्रत्येक फेरीला: पल्-लवी, पल्-लवी. ताई, खरं सांगतो, उभा राहिलो तसा मलाही तो ऐकू यायला लागला. घामाघूम झालो. आणि लगेच फार बरं वाटलं, की चला, रोग सापडला! पोरीला काही झालेलं नाही. आवाजाचा त्रास आहे. त्याला औषध म्हणजे शांतता.

दगाभाऊंकडे गेलो. मनात दोन पानी भाषण तयार होतं. त्यांनी पहिल्याच वाक्याला बटण दाबलं. "मास्तर, पोरीची झोप मोठी. कापड काय, उद्याबी विणता येईन." त्यांच्या कारखान्यातली खटखट थांबली. घरात अशी शांतता पसरली की भिंतीवरचं घड्याळ आगाऊ वाटायला लागलं. पल्लवी अंगणात आली, मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून रडायला लागली. "अब तो और साफ आ रहा है, बाबा."

मी काय निष्कर्ष काढला, सांगू? की पलीकडच्या गल्लीतले लूम अजून चालू आहेत.

म्हणून वंदना तिला घेऊन माहेरी गेली आहे, देडतलाईला. तिच्या भावाचा, रितेशचा केळीचा मळा, गावापासून आत. तिथे लूम नाही, रस्ता नाही, मोबाईलला रेंजसुद्धा नाही. आठ दिवसांत पोरगी टवटवीत होऊन येईल. रावेरकरांना कळवलं, मुलगी मामाकडे हवापालटाला गेली आहे. ते म्हणाले, थंडीत कसला हवापालट? लोक नको तिथे हुशार असतात.

तू सांगितलेला प्रश्न मी विचारला नाही. बापाने असा प्रश्न विचारायचा असतो का?

ललित

*

शनवारा
२३ जानेवारी
(स्पीड पोस्टाने)

ताई,

पल्लवी मळ्यातल्या विहिरीवर सापडली.

भर दुपारी. सगळे जेवायला बसले होते, ती हात धुवायला म्हणून उठली. रितेश गेला तेव्हा ती कठड्यावर पोटावर पडून, अर्धी आत वाकून, एक कान पाण्याकडे करून ऐकत होती. त्याने मागून कमरेला धरून ओढलं. त्यावर ती ओरडली तशी कुणाची पोर ओरडलेली मी ऐकली नाही, असं तो सांगतो.

त्याने जीप काढली, मला निरोप धाडला, आणि शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या इमर्जन्सीत आम्ही सगळे भेटलो. दुसरीकडे कुठे न्यायचं हे कुणाला माहीत होतं? माणूस अचानक बिघडला की इमर्जन्सी, एवढंच शिक्षण आपलं. डॉक्टर पोरसवदा होता. त्याने विचारलं, "कुछ खाया है? जहर-वहर?" नाही. "चोट?" नाही. मग त्याचा चेहरा पडला. त्याच्याजवळचे प्रश्न संपले होते. पल्लवी खाटेवरून उठून पळायला लागली, तेव्हा चौघांनी तिला दाबून धरलं आणि इंजेक्शन दिलं. दोन वॉर्डबॉय, रितेश, आणि चौथा मी. पाय मी धरले होते. ती माझ्याकडेच बघत होती.

सकाळी म्हणाले, "अब ठीक है, ले जाइए. टेन्शन मत दीजिए." त्यांचं तरी काय चुकलं? नाडी चालू, श्वास चालू, मागे अपघाताचे दोन पेशंट स्ट्रेचरवर. कागदावर लिहिलं, 'घबराहट'. आता पुढे कुठे जायचं हे कागदावर नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

घरी आल्यापासून ती आईच्या हातचं खात नाही. फक्त केळी खाते, तीही स्वतः सोलून. केळ्यात सालीबाहेरून काही मिसळता येत नाही, म्हणून. विळी, सुऱ्या मी शाळेच्या कपाटात नेऊन ठेवल्या आहेत. वंदना हातानेच मोडून भाजी चिरल्यासारखं काहीतरी करते. गच्चीला कुलूप. न्हाणीघराची कडी काढली.

तुझा प्रश्न विचारला. तिने हातातलं केळं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मरायचं नाहीये बाबा. पण ते म्हणतात, आत ये, इथे शांत आहे. और मैं बहुत थक गई हूँ."

रितेश म्हणतो पुन्हा असं झालं तर पुन्हा इमर्जन्सी. एका नातलगाने भगताचं नाव सुचवलं, दुसऱ्याने लग्न. मी सगळ्यांना हो म्हणतो. पण ताई, मी पुन्हा पाय धरू शकणार नाही.

दगाभाऊंच्या फोनवरून तुला लावणार होतो. पण ती रोज विचारते, "फोन पे बात की?" आणि मी नाही म्हणतो तेवढं एकच उत्तर ती खरं मानते. शिवाय बोलायला लागलो तर आवाज फुटेल. अक्षर अजून शाबूत आहे.

ल.

*

नांदेड
२५ जानेवारी

लल्या,

आधी हे. तिला एकटी सोडू नका, न्हाणीघराच्या दाराशीही कोणीतरी हवं. ती पुन्हा विहिरीकडे, गच्चीकडे निघाली, स्वतःला काही करून घेतलं, तर माझ्या पत्राची वाट न बघता त्याच इमर्जन्सीत ने. जीव वाचवायला ते दार बरोबर आहे. आजार बरा करायला ते नाही. त्यासाठी वेगळं दार आहे, ते दिवसा उघडतं, आणि ते मला माहीत आहे. का माहीत आहे ते आता ऐक.

मी रमेशरावांना एक रात्र सोडून राहत नाही यावर तुम्ही सगळ्यांनी किती लग्नांत जेवणं पचवलीत! वंदना मला सती सावित्री म्हणते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी बँकेतून येऊन मला सांगितलं की आपल्या घरात कोणीतरी बोलतंय. मीही त्यांना दोनदा इमर्जन्सीत नेलं. मीही हात धरले. दोन्ही वेळा सकाळी 'घेऊन जा' म्हणाले. तिसऱ्यांदा एका नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, इथे आणत राहिलात तर इथेच आणत राहाल. उद्या दिवसा ओपीडीत या, मनाच्या डॉक्टरकडे." एवढं एक वाक्य. ते कुणी आधी सांगितलं असतं तर! तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. रोज रात्री मी हातावर देते, आणि तुम्ही त्याला प्रेम म्हणता. असू दे, तेही असेल.

कुणालाच सांगितलं नाही कारण ते बँकेत होते. आता रिटायर झालेत. आज सकाळी तुझं पत्र त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "सांग."

तर पत्र मिळताच शाळेत जा आणि तिथून १४४१६ वर फोन लाव. मनाच्या आजारांसाठी आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, हिंदीत बोलतात. आपल्या जिल्ह्यात कुठे, कोणत्या वेळी जायचं ते विचार. भगताला नम्रपणे चहा पाज.

आणि तिला फसवून नेऊ नकोस. 'मावशीकडे जाऊ' म्हणून रिक्षा दवाखान्यापुढे उभी केलीस तर ती तुझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही. आवाज खोटा आहे म्हणून भांडू नकोस. झोपेसाठी जाऊ म्हण. झोप तिलाही हवी आहे.

रमेशरावांनी तिला स्वतः लिहिलं आहे. उघडून वाच, मग तिच्या हातात दे.

रश्मी

'चि. पल्लवी, मला मिक्सरमधून ऐकू यायचं. चटणी वाटायची सोय राहिली नव्हती. तुझ्या आत्याने माझ्यासाठी वर्षभर पाट्यावर वाटलं आणि कुणाला कळू दिलं नाही. ते लोक मलाही शांत जागेचा पत्ता द्यायचे. तो पत्ता खोटा असतो. मी डॉक्टरकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं ते मला बांधतील. त्यांनी विचारलं, किती झोपलात? मग मी रडलो. आता मिक्सर फक्त मिक्सरसारखा वाजतो. भीती वाटली तर मला लिही. – रमेशकाका'

*

शनवारा
७ फेब्रुवारी

ताई,

शाळेच्या प्रयोगशाळेत, सांगाड्याशेजारी उभा राहून मी फोन लावला. बाईंनी नाव विचारलं. मी घाबरून हेडमास्तरांचं सांगितलं. आता सरकारदरबारी त्यांची मुलगी आजारी आहे. बाई शांत होत्या. घरात विहीर आहे का, गोळ्या, कीटकनाशक कुठे ठेवलंय, पोरीजवळ आत्ता कोण आहे, सगळं विचारलं. विहीर नाही म्हणताना मला धाप लागली. मग म्हणाल्या, "सर, इमर्जेंसी जान के खतरे के लिए है. रोज का इलाज ओपीडी में होता है." आणि सरकारी दवाखान्यातली खोली, वेळ, सगळं सांगितलं. ती खोली मी वर्षानुवर्षं बघतो आहे गं. शाळेच्या मुलांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचो तेव्हा तिच्याच दारात चपला काढायच्या.

रमेशरावांची चिठ्ठी पल्लवीला दिली. तिने वाचली. परत वाचली. "मिक्सर?" असं म्हणाली आणि हसली. वंदना स्वयंपाकघरात होती, तिच्या हातून पातेलं पडलं.

मग अटी आल्या. जीप नको. मामा नको. कुणी हात धरायचा नाही. तिच्या वतीने बाबांनी बोलायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड होती. पायी जायचं ठरलं. पण रस्ता लूमच्या गल्ल्यांतून. दगाभाऊ दाराशी उभे होते, म्हणाले, "जाय बेटा, मी पुढे जाऊन सगळ्यांले बंद करायला सांगतो." आणि पल्लवी म्हणाली, "नको काका. लूम चालू करा. तुमचेही. वो आवाज तो असली है."

ताई, मी महिनाभर तिच्याभोवती शांतता रचत होतो. त्या शांततेत तिला त्यांच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. खऱ्या खटखटीला तरी ती धरून होती, तीच मी काढून घेतली. आणि पोर विहिरीवर नेऊन सोडली.

खटखटीतून निघालो. ती पुढे, मी दोन पावलं मागे, वंदना तोंडाने काहीतरी जपत. दवाखान्यात ही गर्दी. नंबराची परची घेतली, आमच्यापुढे बाक भरलेला. अर्धा तास ती बसली. मग उठून भिंतीला पाठ लावली. मग दाराकडे सरकायला लागली. हात धरायचा नाही हे मी कबूल केलेलं. ती दारातून बाहेर गेली असती तर परत कधी आली असती? माझ्या तोंडातून शब्द नाही. व्याकरणाचा मास्तर!

बाकावर सगळ्यांत पुढे एक लुगड्यातली बाई बसली होती, शेजारी तिचा चाळिशीचा भाऊ, मान खाली. तिने माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि उठली. "जाय बापू, तुह्या पोरीले घाल पुढे. माह्या उखर्डूले बसायची सवय हाये." शिपाई काही बोलणार तर ती त्याच्यावर कडाडली, "माहा नंबर हाये, मी कोणालेबी देईन!" खकनारची मालूबाई. दर महिन्याला भावाला आणते.

डॉक्टरीण बाई आम्हाला बाहेर ठेवून तिच्या एकटीशी बोलल्या. मग आम्हाला बोलावलं. आजार आहे, त्याला उपचार आहेत, गोळ्या लागतील, लागू पडायला काही आठवडे जातील, मधेच बंद करायच्या नाहीत. पल्लवी त्यांना म्हणाली, "मला बांधणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "नहीं. पहले सोना सीखेंगे."

बाहेर आलो तेव्हा मालूबाई अजून बाकावरच होती. नंबर मागे गेला होता आणि तिच्या गावची दुपारची गाडी निघून गेली होती. मी आभार मानायला वाकलो तर म्हणाली, "जाय जाय, पोरीले उन्हात उभी नको करू."

रात्री गोळी मी दिली. ती हातावर घेऊन कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांत बघत होती. मग गिळली. आता मी श्वास धरून बसलो आहे.

ललित

*

नांदेड
१३ फेब्रुवारी

लल्या,

श्वास सोड. गोळी लागू पडायला वेळ लागतो, तेवढा वेळ धरून ठेवशील तर तुलाच इमर्जन्सीत न्यावं लागेल.

दोनतीन आठवड्यांनी तिला बरं वाटेल आणि ती म्हणेल, आता कशाला? तेव्हा खरी परीक्षा. तोंड कोरडं पडेल, वजन वाढेल, चिडेल. ते डॉक्टरांना सांगायचं, गोळी स्वतःहून सोडायची नाही. आणि भीती जाईल म्हणून वाट बघू नकोस. अकरा वर्षं झाली, ते न्हाणीघरात जरा जास्त रेंगाळले की मी अजून हाक मारते. ते आतून ओरडतात, "दाढी करतोय!" असंच चालतं.

रश्मी

*

शनवारा
२० मार्च

रश्मीताई,

पल्लवी काल माझ्यावर ओरडली. मी तिच्या खोलीत तिसऱ्यांदा डोकावलो होतो. "बाबा, आप न सीसीटीव्ही हो गए हो!" वंदना आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांकडे बघत उभे राहिलो. साधं, तेवीस वर्षांच्या पोरीचं चिडणं. इतकं सुंदर काही मी या घरात ऐकलेलं नाही.

आवाज गेलेले नाहीत. ती म्हणते, ते लोक आता दुसऱ्या गल्लीत राहायला गेलेत. कधी कधी दारावरून जातात. झोपते. आईच्या हातची भाजी खाते, आधी वंदनाने एक घास खाल्ला तर. हात किंचित थरथरतो, त्याचं डॉक्टरीण बाईंना सांगितलं, त्यांनी गोळी बदलली. एक मोबाईल घेतला आहे, तो शाळेतच असतो. रावेरकरांना मी खरं काय ते सांगितलं. ते फार समजूतदारपणे बोलले आणि नंतर बोललेच नाहीत.

मी मात्र बरा नाही. दुपारी वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच वाटतं, आत्ता ती कुठे असेल? खडू थांबतो. मुलं समजतात मास्तरला शब्द आठवेना.

आज पुन्हा तारीख होती. मी वंदनाला म्हटलं, तू पल्लवीला घेऊन मागाहून ये, मी लवकर जातो. खिडकी उघडायच्या आधीच जाऊन लाईनीत उभा राहिलो. खकनारकडची गाडी येईपर्यंत तिथला बाक भरलेला असतो, हे गोळी बदलली त्या खेपेला डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांची पुढची तारीखही आजचीच पडली हे तेव्हाच कळलं होतं. पहिली परची उखर्डूच्या नावाने काढली. वय अंदाजाने सांगितलं. मग पुन्हा मागे जाऊन आमची काढली. उखर्डूची परची शिपायाच्या हातात देऊन म्हटलं, "खकनारवाली बाई आएगी. मैंने दी, मत बताना."

मालूबाई धापा टाकत आली, भावाला दंडाला धरून. बाकाची शेपटी शोधायला लागली, तेवढ्यात शिपायाने हाक दिली, "उखर्डू!" ती इकडेतिकडे बघत राहिली. मग भावाला ढकलत म्हणाली, "चाल रे, आज लवकर बलावलं. उभा काय राह्यला?" दोघं आत गेले. दुपारची गाडी त्यांना नक्की मिळाली असेल.

आमचा नंबर बराच मागे होता. पल्लवीने बाकावर माझ्यासाठी जागा केली. मी बसलो.

तुझा,
ललित